अजीजाबी कागद मानत नाही

ढोकीकडून येणारी एसटी फाट्यावर थांबते, तिथं रस्त्याच्या कडेला हिरव्या पत्र्याची एक टपरी आहे. नवा माणूस विडीकाडी घ्यायला पुढं होतो आणि थबकतो. आत सत्तरीला टेकलेली एक बाई डोक्यावर पदर घेऊन, ओठात विडी धरून बसलेली असते. मालक कुठंतरी गेला असेल आणि म्हातारीला राखणीला बसवलं असेल, असं त्याला वाटतं. मालक कधी येतील, असं तो अदबीनं विचारतो. अजीजाबी विडी बोटांत घेते, धूर बाजूला सोडते आणि म्हणते, "मालक तुझ्यापुढंच बसलाय. काय पायजे ते बोल."

तिच्या डोक्याच्या बरोबर वर एक पाटी ठोकलेली आहे. अठरा वर्षांखालच्या कुणालाही तंबाखूचे पदार्थ विकणं गुन्हा आहे, असं तिच्यावर लिहिलंय. अजीजाबीला वाचता येत नाही. पण ही पाटी तिनं स्वतः रंगवून घेतली आणि स्वतः खिळा मारून लावली, तीही धाराशिवहून कुणी तपासणीला येण्याच्या किती तरी आधी. त्या पाटीखाली बसून विडी ओढणारी बाई बघितली की कॉलेजची पोरं मोबाईल काढून फोटो घेतात. घेऊ देत. तिला त्याचं काही सोयरसुतक नाही.

टपरीपुढच्या बाकड्यावर लिंबाजी नावाचे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर रोज सकाळी येऊन बसतात. चहा आणि अजीजाबीला डिवचणं, या दोन गोष्टींशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. एकदा त्यांनी तिला कोंडीत पकडायचं ठरवलं. म्हणाले, तुम्ही साठ वर्षं ओढताय आणि अजून ठणठणीत आहात. तुमच्या नवऱ्यानं, जैनोद्दीननं, जन्मात विडीला हात लावला नाही आणि बिचारा गेला तो छातीच्याच दुखण्यानं. मग विडी वाईट म्हणायची कशावरून? आपण बिनतोड मुद्दा काढला म्हणून लिंबाजी खुशीत बाकड्यावर मागं रेलले. अजीजाबीनं हातातली विडी दगडावर चोळून विझवली.

"घरात धूर माझाच व्हता," ती म्हणाली. "चाळीस वर्सं त्यो माझ्या शेजारी निजला."

लिंबाजींनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

आता कुणी विचारेल, एवढं कळतं तर ओढते कशाला आणि विकते कशाला? विचारणारे फाट्यावर रोज भेटतात. विकते पोटासाठी, एवढंच ती सांगते, आणि ते खरं आहे. ओढते त्याचं कारण मात्र सोलापुरातल्या एका पत्र्याच्या खोलीत आहे. तिथं तिची अम्मी, मावशी आणि शेजारच्या चार बाया दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. अजीजाबी सातव्या वर्षी पानं कापायला बसली आणि नवव्या वर्षी वळायला लागली. दहाव्या वर्षी मावशीनं तिनं वळलेली विडी पेटवून तिच्याच हातात दिली, नीट ओढली जाते का बघ म्हणून. ती खोकली, सगळ्या बाया हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून पेटवली. तेव्हापासून ती विडी तिच्या हातात आहे. कितीदा सोडली, कितीदा धरली. त्या खोलीत सहा मोठी माणसं होती आणि एकाच्याही मनात आलं नाही की पोरीच्या हातातली विडी काढून घ्यावी. हे आठवलं की आजही तिच्या कपाळाची शीर उठते. म्हणून ती पाटी.

लग्न होऊन ती या गावात आली तेव्हा सोळा-सतरा वर्षांची असेल. सासू गावची सुईण होती. सासूचे हात थकले, मग ते काम सुनेकडं आलं, आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं गावातली पोरं अजीजाबीच्या हातांवर जन्माला आली. मराठ्यांची, धनगरांची, मुसलमानांची, मळ्यातली, तांड्यावरची. मग रस्ते झाले, फोन केला की दवाखान्याची गाडी दारात यायला लागली, आणि तिचं काम संपलं. त्याचं तिला दुःख नाही. तिच्या हातून गेलेल्या दोन बाया तिला अजून आठवतात, आणि गाडी वेळेवर आली असती तर त्या वाचल्या असत्या, हे ती कुणी न विचारताही सांगते.

काम संपलं, पण त्या कामानं तिच्या डोक्यात एक गोष्ट कायमची ठेवली. गावातली सगळी पोरं तिच्या डोक्यात जन्माच्या क्रमानं एका ओळीत उभी आहेत. कोण कुणाच्या आधी आणि कोण कुणाच्या मागून, हे तिला कधीही विचारा. तारीख ती सांगू शकणार नाही. पण ज्वारी हुरड्यात होती, ओढ्याला पूर होता, रमजानचे चार रोजे उरले होते, कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपल्याला आठ दिवस झाले होते, हे सगळं सांगेल. आणि त्यात चूक निघालेली कुणी बघितली नाही.

कागद मात्र वेगळंच सांगतात. घरी जन्मलेल्या पोराची नोंद कुणी केलेली नसायची. पोरगं शाळेत घालायला नेलं की गुरुजी त्याच्याकडं एकवार बघायचे, वय पहिलीत बसेल असं साल धरायचे आणि पुढं एक जून लिहून मोकळे व्हायचे. ज्याचं सहा पूर्ण त्याचंही एक जून, ज्याचं साडेचार त्याचंही एक जून. त्यामुळं गावातल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. बँकेत, तहसिलात, सगळीकडं हीच तारीख चालते आणि कुणाचं काही अडत नाही. अडतं ते फक्त हिरव्या टपरीपुढं.

कारण दरवर्षी एक जूनला कागदावर अठरा झालेली पोरं आधार कार्ड घेऊन फाट्यावर येतात. गावात तसा रिवाजच पडलाय. केक नाही, काही नाही. अजीजाबीच्या टपरीवर जायचं, कार्ड फळीवर आपटायचं आणि सिगारेट मागायची. ओढायची असो नसो, तिच्या हातून मिळाली की पोरगा मोठा झाला. इतर टपऱ्यांवर दहा वर्षांच्या पोरालाही मिळते, त्यामुळं तिथं मिळण्याला काही किंमत नाही.

एका वर्षी असेच पाचजण आले. पुढं गॅरेजवाल्याचा समद होता. अजीजाबीनं त्याच्या कार्डाकडं बघितलंसुद्धा नाही. तुला अठरा होऊन वर्ष उलटलं, ती त्याला म्हणाली, गुरुजींनी तुझं एक वर्ष खाल्लंय. तू घे. पण घेताना एवढं ध्यानात ठेव की मला अजून सोडता आलेली नाही. समदनं घेतली. तिनं अडवलं नाही. जाणत्या माणसाच्या मागं काठी घेऊन लागणं हे आपलं काम नाही, असं ती मानते.

मग शंभूनं कार्ड पुढं केलं. शंभू म्हणजे आण्णासाहेबांचा नातू. आण्णासाहेब म्हणजे फाट्यापासून ओढ्यापर्यंतच्या उसाचे मालक, दोन ट्रॅक्टरांचे मालक, आणि अजीजाबीची टपरी ज्या तुकड्यावर उभी आहे त्या तुकड्याचेही मालक. हे फाट्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, म्हणून सगळे अजीजाबीकडं बघायला लागले. अजीजाबीनं कार्ड उलटं करून परत त्याच्याकडं सरकवलं.

"तुला न्हाय मिळायची," ती म्हणाली. "तुला सोळा हाईत."

पोरं फिदीफिदी हसली. शंभूचे कान लाल झाले. कार्डावर काय लिहिलंय ते वाचा तरी, तो म्हणाला. मला वाचता येत नाही, ती म्हणाली, आणि ज्यानं लिहिलं तो तुझ्या जन्माच्या वेळी तिथं नव्हता. पोरं त्याला सोळ्या, सोळ्या म्हणत रस्त्यानं निघून गेली. तो त्यांच्या मागून गेला, पण थोडं अंतर ठेवून.

दुसऱ्या दिवशी दुपारी शंभू एकटाच आला. ऊन कडक होतं, बाकड्यावर कुणी नव्हतं. सिगारेट नको म्हणाला. खांबाला टेकून उभा राहिला आणि त्यानं विचारलं, की ते सोळाचं खरं होतं का मला हाकलायला म्हणालात.

अजीजाबीनं त्याला आत स्टुलावर बसवलं आणि सांगितलं. हरभऱ्याची काढणी चालू होती. उसाची एक ट्रॉली ढोकीच्या रस्त्यावर आडवी झाली होती आणि मागं ट्रॅक्टरांची अशी रांग लागली होती की आण्णासाहेबांची जीप शंभूच्या आईला घेऊन दवाखान्याकडं निघाली ती अर्ध्यातून परत आली. भर दुपारी जीपवाला अजीजाबीच्या दारात येऊन ओरडायला लागला. ती गेली तेव्हा डोकं बाहेर आलं होतं आणि नाळेचा वेढा मानेला होता.

"तू निळा व्हतास," ती म्हणाली. "रडला न्हाईस. तुझी आज्जी भिंतीला धरून उभी व्हती. वेढा काढला, तोंड पुसलं, पायावर चापट्या मारल्या, तरी न्हाय. लई वेळ काईच न्हाय. मग एकदाचा तू श्वास घेतलास. त्यो श्वास म्या काढलाय तुझा, बेटा. त्यात माझ्या हातानं धूर न्हाय भरायची म्या."

शंभू ऐकत होता, पण त्याचं लक्ष दुसरीकडंच अडकलं होतं. शाळेत मग मी पहिलीत कसा गेलो, त्यानं विचारलं. ती म्हणाली, तुझी बहीण अर्पिता शाळेत जायची, तू तिच्या मागं रडत धावायचास, मग आण्णासाहेबांनी गुरुजींना सांगून तुलाही बसवला. सव्वाचार वर्षांचा होतास. गुरुजींनी सहा लावले.

पोरगं बोटांवर वर्षं मोजायला लागलं. पहिलीपासून तो वर्गात सगळ्यांत बुटका होता. कबड्डीत त्याला कुणी घ्यायचं नाही. पाढे सगळ्यांना आधी यायचे, त्याला शेवटी. घरात, शाळेत, मळ्यात सगळ्यांनी त्याला ढ म्हणून सोडून दिलं होतं, आणि महिन्यापूर्वी बारावीत तो नापास झाला तेव्हा कुणाला आश्चर्यही वाटलं नव्हतं. आण्णासाहेब म्हणाले होते, बरं झालं, आता ट्रॅक्टरचं लायसन काढू आणि येत्या हंगामापासून ऊस ओढायला लावू.

"म्हंजी मी ढ न्हाय?" त्यानं विचारलं.

"दोन वर्सं मोठ्या पोरांच्या मागं पळत व्हतास तू," अजीजाबी म्हणाली. "आन् तरीबी बारावीपतोर आलास."

 तो डोळे पुसून उठला आणि घरी गेला. घरी त्यानं आपल्या आजीला, लक्ष्मीबाईंना, विचारलं. लक्ष्मीबाई नवऱ्यापुढं कधी तोंड उघडत नाहीत, पण नातवापुढं खोटं बोलणंही त्यांना जमलं नाही. अजीजाबीनं सांगितलं ना, मग तेच खरं, एवढं म्हणून त्या भाजी निवडायला बसल्या. दोन दिवसांनी आण्णासाहेब त्याला धाराशिवला लायसनच्या ऑफिसात न्यायला निघाले तेव्हा शंभू गाडीत बसेना. मला सोळाच आहेत, तो म्हणाला. एवढंच म्हणत राहिला.

त्याच सकाळी आण्णासाहेब फाट्यावर आले. ते कधी टपरीपाशी येत नाहीत. काही हवं असलं तर माणूस पाठवतात. स्वतः आलेले बघून लिंबाजी बाकड्यावरून उठले, चहा पिणारे दोघं उठले, एसटीची वाट बघणारी माणसंही जवळ सरकली. अजीजाबी बसूनच राहिली. तिचे गुडघे दुखतात, आणि दुसरं म्हणजे तिला उठायचं नव्हतं.

"अजीजाबी, पोराच्या डोक्यात काय भरवलंय तुमी?" आण्णासाहेबांनी विचारलं.

"वय भरवलं," ती म्हणाली. "त्याचंच व्हतं. त्याला परत दिलं."

आण्णासाहेबांनी खिशातून कागद काढले. शाळेचा दाखला, आधार, सगळे. शाळा मानते, सरकार मानतं, मग तुम्ही न मानणाऱ्या कोण, असं त्यांनी चढ्या आवाजात विचारलं. मी सुईण, ती म्हणाली. तिनं मागच्या फळीवरून सिगारेटचं एक पाकीट काढलं आणि त्या कागदांच्या शेजारी ठेवलं.

"तुमी म्हणताय अठरा. मग ह्या चार माणसांपुढं बोला, आमच्या शंभूला सिगारेट द्या म्हणून. तुमच्या तोंडानं बोला. हे पाकीट म्या आत्ताच्या आत्ता त्याच्या हातात दिते."

 आण्णासाहेब पाकिटाकडं बघत राहिले. त्यांच्या घरात पोरानं मोठ्यांसमोर सुपारीसुद्धा तोंडात टाकायची नाही, असा दंडक. सिगारेटचा इथं काय संबंध, ते शेवटी म्हणाले, मी लायसनचं बोलतोय.

"सिगारेटला सोळाचा आन् ट्रॅक्टरला अठराचा, असं दोन वयाचं पोरगं म्या काढलं न्हाय, आण्णा. एकच काढलं."

मागं कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.  अजीजाबी थांबली असती तर कदाचित गोष्ट तिथंच मिटली असती. पण थांबणं तिच्या स्वभावात नाही. ही जागा मला कधी दिलीत, तिनं विचारलं. शंभूच्या बारशाच्या दिवशी तुम्ही स्वतः म्हणालात, अजीजाबी, नातू दिलास, तू काय मागशील ते घे. मी म्हणाले, सुईणपण संपत आलंय, बसायला फाट्यावर टपरीपुरती जागा द्या. त्याच आठवड्यात पत्रा उभा राहिला. मग ती लिंबाजींकडं वळली आणि टपरीला किती वर्षं झाली म्हणून त्यांना विचारलं.

लिंबाजींचा मुलगा आण्णासाहेबांच्या मळ्यात कामाला आहे. त्यांनी आपल्या चपलांकडं बघितलं. चपलांकडं बघतच त्यांनी सांगितलं, की आपण रिटायर झालो त्याच उन्हाळ्यात टपरी उभी राहिली, म्हणजे सोळा वर्षं झाली.

आण्णासाहेबांनी कागद गोळा केले, घडी घातली, खिशात ठेवले. आवाज आता एकदम खाली आला होता.

"जागेचा कागद हाय का तुमच्याकडं?"

"न्हाय."

"मग आठ दिसांत पत्रा उचला."

ते गाडीत बसून निघून गेले. अजीजाबीनं विडी पेटवली, पण काडी तीनदा विझली. तिला भीती वाटली नाही असं नाही. सत्तराव्या वर्षी हे पत्र्याचं खोकं सोडून तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं, आणि फाट्यावरचा दुसरा इंचही तिचा नव्हता.

पुढचे आठ दिवस गाव तिला समजावत होतं. जा, हात जोड, बोलून गेले म्हण. धाराशिवला रिक्षा चालवणारा तिचा मुलगा साजिद आला. त्याचंही म्हणणं तेच. अम्मी, सगळ्या दुनियेत पोरं सिगारेट ओढतायत, तू एकटीनं एकाला दिली नाहीस तर जगाचं काय भलं होणार आहे? आणि वय सोळा असो की अठरा, तुला काय करायचंय? टपरी विकून टाक आणि माझ्याकडं येऊन रहा. साजिद प्रेमानंच बोलत होता. तिनं त्याला जेवायला वाढलं. मग म्हणाली, की मी दहा वर्षांची असताना सहा मोठ्या माणसांनी हाच विचार केला होता, मला काय करायचंय.  जाताना साजिद टपरीचं ढिलं झालेलं बिजागर घट्ट करून गेला.

आठव्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर आला. आण्णासाहेब मागून गाडीत होते. ट्रॅक्टरवर शंभू होता; लायसनला नाही म्हणाला तरी आजोबांनी दरडावून बसवलं तेव्हा त्याचं काही चाललं नव्हतं. ड्रायव्हर महिन्यापूर्वीच सोडून गेला होता हे खरं, पण आण्णासाहेबांना ड्रायव्हर मिळाला नसता अशातला भाग नव्हता. त्यांना पोराच्या हातूनच टपरी हलवायची होती, म्हणजे पोरगा ट्रॅक्टरवर बसल्याचं गाव बघेल, सोळा म्हणणारीही फाट्यावरून जाईल आणि वयाचा विषय कायमचा बंद. मळ्यातल्या कोंडीरामनं साखळी आणली. खाली वाकून त्यानं ती टपरीच्या लोखंडी पायांना बांधली, आणि बांधताना अजीजाबीकडं बघायचं टाळलं. त्याच्या दोन्ही मुली तिनंच काढल्या होत्या.

अजीजाबी आतच बसली होती. सामान बाहेर काढा म्हणून आण्णासाहेबांनी सांगितलं. तिनं काढलं नाही. बाहेर या म्हणाले. ती आली नाही. जागा तुमची आहे, ती म्हणाली, पण पत्रा माझा आहे, आणि मी माझ्या पत्र्यात बसलेय. ओढायचं तर माझ्यासकट ओढा. बाकड्यावरून लिंबाजी उठले आणि हात जोडून दोघांकडं आळीपाळीनं बघायला लागले. एसटी आली, थांबली, आणि ड्रायव्हरनं इंजिन बंद करून खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"शंभू, चल," आण्णासाहेब म्हणाले.

ट्रॅक्टर गुरगुरला. साखळी ताणली गेली. टपरीचा पत्रा करकरला आणि वरची एक बरणी खाली येऊन फुटली. गोळ्या सगळीकडं सांडल्या. अजीजाबीनं दोन्ही हातांनी फळी धरली. ती घाबरली होती, आणि तिचा आवाज तरीही स्वच्छ आला.

"शंभू, मागं बघ माझ्याकडं. तुला किती वर्सं झाली?"

शंभूनं मागं बघितलं. फळी धरून बसलेली म्हातारी, तिच्या डोक्यावर पाटी, खाली फुटलेली काच. त्याचा पाय क्लचवर होता. आण्णासाहेब गाडीतून उतरून त्याच्याकडं यायला लागले. चल म्हणतोय ना, ते पुन्हा म्हणाले.

शंभूनं ट्रॅक्टर बंद केला.

 तो वरून खाली उतरला, आणि उतरताना कुणाच्याही लक्षात आलं असतं की त्याचा पाय जमिनीला नीट पुरत नाही, शेवटची उडी मारावी लागते. साखळी सोडायला तो खाली बसला, पण गाठ त्याला सुटेना, म्हणून कोंडीराम न बोलता त्याच्या शेजारी येऊन बसला आणि दोघांनी मिळून ती सोडली. मग शंभू आजोबांपुढं जाऊन उभा राहिला. त्यानं किल्ली त्यांच्या हातात दिली. आयुष्यात पहिल्यांदा तो त्यांच्या डोळ्यांत बघून बोलत होता.

"मला सोळा हाईत, आण्णा," तो म्हणाला. "माझी अजून दोन वर्सं बाकी हाईत. ती मला पायजेत."

 किल्ली तळहातावर घेऊन आण्णासाहेब भर रस्त्यात उभे राहिले, आणि शंभू त्यांच्या बाजूनं निघून शाळेच्या रस्त्याला लागला, बारावीचा फॉर्म परत कधी भरायचा ते विचारायला.